गिरमिटापासून प्रीमियम व्हिसापर्यंत



गेल्या दिवाळीत माझी भाची दिल्लीला आमच्याकडे आली होती. ती संगणक क्षेत्रात आहे. नोकरी मुंबईतल्या एका कंपनीत, पण २०२० पासून तिचे काम घरूनच चालते. फराळाचे ताट बाजूला सारून तिने लॅपटॉप उघडला आणि म्हणाली, "मामा, तू आयुष्यभर सरकारी कागद वाचत आलास. हा एक वाचून दाखव." तो कागद मॉरिशसच्या प्रीमियम व्हिसाच्या अटींचा होता. अशा परवान्याला हल्ली सर्वत्र डिजिटल नोमॅड व्हिसा म्हणतात. नोकरी एका देशात, पगार त्याच देशातून, आणि राहणे मात्र दुसऱ्या देशात, अशी ही व्यवस्था आहे.

अटी फार नव्हत्या. मुक्काम एक वर्षाचा, पुढे नूतनीकरण शक्य. अर्जाला शुल्क नाही. दरमहा किमान १,५०० अमेरिकी डॉलर उत्पन्न हवे, आरोग्य व प्रवास विमा हवा. उत्पन्नाचा स्रोत आणि व्यवसायाचे मुख्य ठिकाण मॉरिशसच्या बाहेर असले पाहिजे, आणि अर्जदाराने मॉरिशसच्या श्रमबाजारात उतरता कामा नये. भाचीला या शेवटच्या अटीची गंमत वाटली. "म्हणजे राहा, खा, फिरा, पण इथल्या कोणाचे काम करू नका!"

मला मात्र गंमत वाटली नाही. पूर्वी तीन वर्षे मी कोलकात्यात नेमणुकीवर होतो. तेथे गार्डन रीचच्या बाजूला हुगळीच्या काठी हिंडताना मॉरिशसचे नाव मी एका वेगळ्याच संदर्भात ऐकले होते. याच काठावरून हजारो माणसे त्या बेटाकडे गेली, आणि त्यांच्यासाठीची अट नेमकी उलटी होती. तेथे जायचे ते फक्त कामासाठी, ठरवून दिलेल्या मळ्यावर, ठरवून दिलेल्या मालकाकडे. एकाच बेटाने एकशे शहाऐंशी वर्षांच्या अंतराने परक्या माणसाला घातलेल्या या दोन अटी आहेत. त्या शेजारी ठेवून पाहिल्या तर प्रशासनाविषयी काही शिकता येते असे मला वाटते, म्हणून हा लेख.

प्रथम इतिहास पाहू. मॉरिशस १८१० मध्ये फ्रेंचांकडून इंग्रजांच्या हाती आले. बेटाचे अर्थकारण उसावर उभे होते आणि ऊस गुलामांच्या श्रमावर. ब्रिटिश संसदेने १८३३ मध्ये गुलामगिरी रद्द करणारा कायदा केला. मॉरिशसमध्ये तो फेब्रुवारी १८३५ पासून लागू झाला आणि सुमारे ६६ हजार गुलाम मुक्त झाले. मळेवाल्यांना नुकसानभरपाई म्हणून २० लाख पौंडांहून अधिक रक्कम मिळाली. ज्यांनी राबून ऊस पिकवला त्यांना काहीच मिळाले नाही. भांडवल होते, जमीन होती, साखरेला बाजार होता. नव्हते ते स्वस्त आणि जागचे न हलणारे हात. ते हात शोधत मळेवाल्यांचे दलाल हिंदुस्थानात आले.

२ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' नावाचे जहाज पोर्ट लुईस बंदरात पोहोचले. त्यात कोलकात्याहून निघालेले छोटा नागपूरकडचे ३६ मजूर होते. त्यांचा करार पाच वर्षांचा आणि पुरुषाचा पगार महिना पाच रुपये. निघण्यापूर्वी कोलकात्याच्या पोलीस कचेरीत, दंडाधिकाऱ्यासमोर, करार त्यांना समजावून सांगण्यात आला आणि त्यांनी त्यावर खुणा केल्या. पगारातून दरमहा एक रुपया परतीच्या भाड्यासाठी कापून ठेवायचा, असेही त्यात लिहिले होते. आजच्या भाषेत बोलायचे तर कागदपत्रांची पूर्तता चोख झाली होती.

या 'अ‍ॅग्रीमेंट'चे मजुरांच्या तोंडी 'गिरमिट' झाले. मराठीत गिरमिट म्हणजे लाकडाला भोक पाडायचे सुताराचे हत्यार. या दोन शब्दांचा परस्परांशी संबंध नाही. पण त्या काळची कागदपत्रे वाचल्यावर मराठी माणसाला तो आठवल्यावाचून राहत नाही.

कंपनी सरकारला यात आपली काही जबाबदारी आहे याची जाणीव हळूहळू झाली. १८३७ च्या पाचव्या कायद्याने असे ठरवले की परदेशी जाणाऱ्या मजुराला आणि त्याला नेणाऱ्या दलालाला, कराराच्या लेखी अटींसह, सरकारी अधिकाऱ्यासमोर हजर व्हावे लागेल. तरीही फसवणुकीच्या तक्रारी इतक्या वाढल्या की कोलकात्यात चौकशी समिती नेमावी लागली आणि १८३९ च्या कायद्याने अशी मजूरभरती बंद झाली. मळेवाल्यांचा दबाव मोठा होता. १८४२ मध्ये मॉरिशसपुरती बंदी उठली, आणि या वेळी कोलकात्याबरोबरच मद्रास व मुंबई ही बंदरेही खुली झाली. १८४३ या एकाच वर्षात ३० हजारांवर पुरुष आणि ४ हजारांवर स्त्रिया बेटावर उतरल्या.

मुंबई बंदर उघडले आणि मराठी माणूस या कथेत आला. रत्नागिरी-साताऱ्याकडची माणसे मुंबईहून जहाजात बसली. त्यांचे वंशज आजही तेथे आहेत. गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते, आणि कोकणातल्या जाखडीचे तेथे 'झाकरी' झाले आहे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना आपणच गाव सोडलेली पहिली पिढी आहोत असे वाटते. प्रत्यक्षात आपल्या आधी पावणेदोनशे वर्षे, पत्र लिहिण्याचीही सोय नसलेली मराठी माणसे समुद्र ओलांडून गेली होती.

आता प्रशासनाकडे वळू. १८४२ नंतरच्या व्यवस्थेत एक नवे पद दिसते. मॉरिशसमध्ये स्थलांतरितांसाठी 'प्रोटेक्टर', म्हणजे संरक्षक, नेमला गेला. पुढच्या कायद्यांनी भारतीय बंदरांवरही असे संरक्षक आले. करार करणारे दोन पक्ष बरोबरीचे नसतील आणि त्यांच्यामध्ये समुद्र असेल, तर केवळ कागद पुरत नाही, पाहणारा तिसरा कोणीतरी लागतो, ही या पदामागची कल्पना. कल्पना चांगली होती, पण व्यवहारात तिचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे.

सुरुवातीला मजुराचा करार एका वर्षाचा असावा असा दंडक होता. मळेवाल्यांनी तक्रार केली की मजूर वर्ष संपताच दुसरीकडे जातो. मग १८४९ मध्ये मुदत तीन वर्षे झाली आणि १८६२ मध्ये पाच. १८५० च्या दशकाच्या आरंभी फुकट परतीच्या प्रवासाचा हक्कही गेला. एक दिवस गैरहजर राहिले तर दोन दिवसांचा पगार कापायचा, अशी 'डबल कट' नावाची पद्धत होती. करार मोडणे हा दिवाणी वाद नव्हता, तो गुन्हा होता. त्यासाठी तुरुंग होता. म्हणजे मालकाने करार मोडला तर मजुराने दाद मागत फिरायचे, आणि मजुराने मोडला तर त्याला पोलिसांनी धरायचे.

ज्यांनी करार पुरा केला त्यांचीही सुटका नव्हती. 'जुने स्थलांतरित' या वर्गात मोडणाऱ्या या माणसांना १८६७ च्या कायद्याने छायाचित्र लावलेले तिकीट आणि पोलिसांचा पास जवळ बाळगणे सक्तीचे केले. कागद जवळ नसला की भटका म्हणून अटक. आपण आज ओळखपत्रावरील छायाचित्राला आधुनिक सोय मानतो. पण सामान्य माणसाचे छायाचित्र सरकारने काढून ठेवण्याच्या अगदी आरंभीच्या मोठ्या प्रयोगांपैकी एक ऊसमळ्यातल्या हिंदुस्थानी मजुरांवर झाला. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत हे दप्तर जपून ठेवलेले आहे. क्रमांक, नाव, बापाचे नाव, गाव, उंची, अंगावरची खूण. माझ्या नोकरीतला मोठा भाग असे रकाने भरण्यात आणि तपासण्यात गेला. त्यामुळे त्या दप्तराचे वर्णन वाचताना मला त्यातल्या मजुरांइतकेच ते भरणाऱ्या कारकुनांचेही विचार आले. त्यांनी आपले काम नियमानुसारच केले असणार.

मग या व्यवस्थेत बदल झाला तो कसा? १८७१ मध्ये ९,४०१ जुन्या स्थलांतरितांच्या वतीने एक अर्ज गव्हर्नरकडे गेला. तो तयार करण्यात आदोल्फ द प्लेवित्झ या युरोपीय मळेवाल्याने पुढाकार घेतला होता. गोऱ्या मळेवाल्यांनी त्याचा छळ केला, पण अर्जाची दखल घ्यावी लागली. १८७२ मध्ये शाही आयोग नेमला गेला. त्याच्या दोन सदस्यांपैकी एक, विल्यम एडवर्ड फ्रियर, हे मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेतले निवृत्त अधिकारी होते. १८७५ मध्ये आलेल्या अहवालाने पास, अटका आणि पगारकपात यांचे वास्तव मांडले. वर्षानुवर्षे संरक्षकाची कचेरी चालू असूनही हे वास्तव पुढे यायला एक सामूहिक अर्ज आणि बाहेरचा आयोग लागला, ही गोष्ट कोणत्याही अधिकाऱ्याने विसरू नये.

ही पद्धत मुळासकट उपटण्याचा प्रस्ताव भारतात मांडला तो गोपाळ कृष्ण गोखले यांनी. फेब्रुवारी १९१० मध्ये नाताळला जाणारी मजूरभरती थांबवण्याचा त्यांचा ठराव केंद्रीय कायदेमंडळात मान्य झाला. ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी सगळीच करारबद्ध मजूरपद्धत बंद करण्याचा ठराव आणला. तो सरकारी मतांच्या जोरावर फेटाळला गेला. फर्ग्युसन महाविद्यालयात अनेक वर्षे अध्यापन केलेल्या गोखल्यांनी, दोन्ही बाजूंनी सही केली म्हणजे करार न्याय्य ठरत नाही, ही बाब सभागृहात नेटाने मांडली होती. ते १९१५ मध्ये गेले. १९१६ मध्ये मदनमोहन मालवीयांचा तसाच ठराव सरकारला स्वीकारावा लागला, १९१७ मध्ये भरती थांबली आणि १९२२ चा स्थलांतर कायदा आला. तोवर मॉरिशसला सुमारे साडेचार लाख भारतीय जाऊन पोहोचले होते. त्यांतले साधारण एक तृतीयांश परतले. बाकीचे तेथलेच झाले. ज्या दगडी पायऱ्यांवरून ते पोर्ट लुईसमध्ये उतरले, तो आप्रवासी घाट २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

आता थेट २०२० मध्ये येऊ. ऊस मागे पडून मॉरिशसच्या अर्थकारणात पर्यटनाला मोठे स्थान मिळाले होते. २०१९ मध्ये सुमारे १३.८ लाख पर्यटक आले. मार्च २०२० मध्ये सीमा बंद झाल्या. त्या वर्षीची संख्या ३ लाखांच्या आसपास राहिली आणि देशाचे एकूण उत्पादन जवळजवळ १५ टक्क्यांनी घटले. दुसरीकडे जगभरातल्या कचेऱ्यांनी कर्मचाऱ्यांना घरी बसून काम करायला लावले होते. दूरसंचारामुळे माणूस काम बरोबर घेऊन हिंडू लागेल हे भाकीत जुने होते. त्सुगिओ माकिमोतो आणि डेव्हिड मॅनर्स यांचे 'डिजिटल नोमॅड' हे पुस्तक १९९७ चे आहे. भाकिताला कायद्याची चौकट मिळाली ती या साथीच्या वर्षात. बार्बाडोसने जुलै २०२० मध्ये ५० हजार डॉलर वार्षिक उत्पन्नाच्या अटीवर वर्षभराचा परवाना सुरू केला. एस्टोनियाने ऑगस्टमध्ये तसा व्हिसा आणला. वर्ष संपण्यापूर्वी मॉरिशसचा प्रीमियम व्हिसा आला. पुढे पोर्तुगाल, स्पेन, मलेशिया, थायलंड यांनी आपापल्या योजना आणल्या. जपानने २०२४ मध्ये एक कोटी येन वार्षिक उत्पन्नाची अट घातली आणि पात्र देशांची यादीही केली. भारत त्या यादीत नव्हता.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला यातले तर्कशास्त्र सरळ दिसते. १८३४ मध्ये बेटाला हात हवे होते, २०२० मध्ये खिसा हवा होता. तेव्हा श्रम आयात केले, आता मागणी आयात केली. बाहेर कमावणारा माणूस येथे भाडे देतो, भाजी घेतो, खाणावळीत जेवतो. स्थानिक तरुणाची नोकरी घेत नाही. यजमान देशाचा हिशेब चोख आहे. (ज्या शहरांत असे पाहुणे दाटीने आले तेथे घरभाडी वाढल्याची ओरड झाली, हा हिशेबाचा दुसरा रकाना. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

येथे एक सावधगिरी बाळगायला हवी. माझी भाची गिरमिटिया नाही, आणि तसे म्हणणे हा त्या साडेचार लाख माणसांचा अपमान ठरेल. तिला कोणी कोंडणार नाही. कंटाळा आला तर ती सहा-सात तासांत मुंबईत उतरू शकते. पासपोर्टचा विचार केला तरी तिच्या बाजूने १९६७ चा सतवंतसिंग साहनी खटला आहे, १९७८ चा मनेका गांधी खटला आहे. परदेशी जाणे हा सरकारच्या मेहेरबानीचा विषय नसून व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेले आहे. तुलना माणसांची नाही. कागदांची आहे.

आणि कागदाच्या बाबतीत भाचीची अडचण वेगळीच निघाली. अर्जासाठी तिला कंपनीचे पत्र हवे होते: ही आमची कर्मचारी आहे, हिला एवढा पगार आहे, आणि ती भारताबाहेरून काम करू शकते. पहिली दोन वाक्ये कंपनी लगेच द्यायला तयार होती. तिसऱ्या वाक्यावर घोडे अडले. वरिष्ठ तिला खासगीत म्हणाले, "तू जा. कोण विचारतंय? पण लेखी मागू नकोस." दोन महिने ती वाट पाहत होती.

कंपनीची अडचण मला समजते. कर्मचारी १८३ दिवसांहून अधिक काळ दुसऱ्या देशात राहिला की कर कोठे भरायचा, त्याच्या तिथल्या बसण्याने कंपनीचेच कार्यालय तेथे उघडले असे मानायचे काय, अपघात झाला तर जबाबदारी कोणाची, असे प्रश्न उभे राहतात. परंतु त्यांचे उत्तर 'तोंडी हो, लेखी नाही' हे असू शकत नाही. कारण तोंडी परवानगीचा अर्थ इतकाच की सर्व सुरळीत असेल तोवर ती आहे, आणि काही बिनसले की ती कधीच नव्हती. व्हिसा उत्पन्नावर उभा, उत्पन्न नोकरीवर, आणि नोकरी त्या न लिहिलेल्या वाक्यावर. 'अ‍ॅटलस'मधल्या मजुरांकडे कागद होता, पण तो त्यांना वाचता येत नव्हता. माझ्या भाचीला प्रत्येक शब्द वाचता येतो, पण हवा तो शब्द तिला कोणी लिहून देत नव्हते.

संरक्षकाचे काय? 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' हे पद आपल्याकडे १९८३ च्या स्थलांतर कायद्यातही त्याच नावाने ठेवले गेले. आखाती देशांत मजुरीला जाणाऱ्या, दहावी न झालेल्या माणसासाठी ते महत्त्वाचे ठरले. मात्र त्या कायद्याच्या डोळ्यांसमोर परदेशात जाऊन नोकरी धरणारा माणूस होता. भारतीय कंपनीची नोकरी बरोबर घेऊन परदेशी राहायला जाणारी मुलगी १९८३ मध्ये कोणाच्या कल्पनेत असणार? मॉरिशसच्या दृष्टीने ती कामगार नाही, पाहुणी आहे. आपल्या कायद्याच्या दृष्टीने ती स्थलांतरित नाही, प्रवासी आहे. कंपनीच्या दृष्टीने ती मुंबईतच आहे. तिघांच्याही दप्तरात ती काम करणारी व्यक्ती म्हणून, जेथे आहे तेथे, नोंदलेली नाही. दप्तरात नसलेल्या माणसाला दप्तरातला त्रास होत नाही हे खरे. पण संकटात त्याला दप्तराचा आधारही मिळत नाही.

मी तिला एक जुना सरकारी सल्ला दिला. विनंती लेखी कर, उत्तराची तारीख सुचव, आणि उत्तर नाही आले तर स्मरणपत्र पाठव. मोघम मागू नकोस. किती महिने, कोणत्या तारखेपासून, परत बोलावायचे झाल्यास किती दिवसांची सूचना, आजारपणात विमा कोणाचा, हे चार मुद्दे मांड. ती हसली, म्हणाली, "मामा, ही फाईल झाली." मी म्हटले, फाईलच हवी आहे.

तीन आठवड्यांनी पत्र आले. वर्षाऐवजी सहा महिन्यांची परवानगी होती, आणि कंपनी केव्हाही परत बोलावू शकेल असे लिहिले होते. तिने 'केव्हाही'च्या जागी 'तीस दिवसांच्या सूचनेने' हवे असे कळवले. ते मान्य झाले. विम्याचा खर्च मात्र तिच्यावर पडला. सर्व काही मिळाले नाही. पण जे मिळाले ते लेखी मिळाले, आणि त्यावर सही करणाऱ्याचे नाव व हुद्दा आहे.

जाण्याच्या आधी साताऱ्याहून माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला. तिला व्हिसाचे नाव ठाऊक नव्हते, करनियम ठाऊक नव्हते. तिने एवढेच विचारले, "दादा, तिथे पोरीला काही झालं तर फोन कुणाला करायचा?"

मी तिला पोर्ट लुईस येथील भारतीय उच्चायुक्तालयाचा क्रमांक लिहून घ्यायला सांगितला. तिने तो दोनदा वाचून दाखवला.